घोड्यांचे मास्तर स्टीलसाहेब

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण, थोडे संक्षेपाने)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘घोडा आणि स्टील’ असा छापून आला आहे. तो वाचून दोघा-तिघांनी मला विचारले, की अहो, प्लांटमध्ये घोडे कधी होते? भिलाईत ‘स्टील’ म्हटले की आपल्याला दुसरे काही सुचणे शक्यच नाही. आमच्या रेल्वेचे रूळसुद्धा इथूनच येतात. पण मी ज्या स्टीलबद्दल बोलणार आहे ते गृहस्थ होते. त्यांचे नाव जॉन हेन्री स्टील. लंडनमध्ये घोड्याचे शरीरशास्त्र शिकवणारे मास्तर, पुढे मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. १८९१ साली मुंबईतच वारले, तेव्हा वय पस्तिशीच्या आसपास होते.

आता रेल्वेचा माणूस घोड्यावर का बोलतो, हा प्रश्न रास्त आहे. पण आमचा सगळा हिशेबच घोड्यांत चालतो. जुने डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन २६०० अश्वशक्तीचे, विजेवरचे डब्ल्यूएजी-९ सहा हजारांवर, आणि अलीकडचे डब्ल्यूएजी-१२ बारा हजारांचे. जेम्स वॉटला आपली वाफेची यंत्रे खपवायची होती आणि गिऱ्हाईक होते घोडे जुंपणारे. तेव्हा ‘हे यंत्र इतक्या घोड्यांचे काम करील’ हीच भाषा त्यांना कळली असती. मिनिटाला ३३,००० फूट-पौंड हा एका घोड्याचा हिशेब त्याने ठरवला, आजच्या मापात ७४६ वॉट. दिवसभर कामाला जुंपलेल्या साधारण घोड्याला हे जडच जाते. उलट १९९३ मध्ये काही अभ्यासकांनी मांडलेल्या हिशेबानुसार तोच घोडा काही क्षण जवळजवळ १५ अश्वशक्ती लावू शकतो. आमच्या ट्रॅक्शन मोटरचेही असेच असते. थोडा वेळ सोसायचा भार वेगळा आणि सतत सोसायचा भार वेगळा. ज्याला हा फरक कळत नाही तो मोटरही जाळतो आणि घोडाही मारतो.

जाता जाता एक सांगतो. रुळांची रुंदी रोमन रथाच्या दोन घोड्यांवरून ठरली, अशी एक गोष्ट मोबाइलवर फिरत असते. ऐकायला छान आहे. पण आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर आहे, ती त्या गोष्टीत कुठल्याच बाजूने बसत नाही. तेव्हा तो निरोप पुढे पाठवू नये, ही विनंती.

आगगाडीने घोड्याला हटवले, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बराच काळ उलटेच घडले. गाडीने आणलेला माल आणि माणसे स्टेशनपासून पुढे न्यायला घोडाच लागे. मुंबईत गाडी धावली १८५३ मध्ये, पण १८७४ मध्ये शहरात ट्राम सुरू झाली ती घोड्यांनी ओढलेली. विजेची ट्राम यायला १९०७ साल उजाडले. म्हणजे एका बाजूला जीआयपी रेल्वेचा परळचा कारखाना, तो १८७९ मधला, तिथे लोखंडी इंजिनांची दुरुस्ती. आणि त्याच परळ भागात सात वर्षांनी, २ ऑगस्ट १८८६ रोजी, जिवंत इंजिनांची दुरुस्ती शिकवणारे कॉलेज उघडले. सर दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून उभे राहिलेले जनावरांचे इस्पितळ तिथे होते, ते बाई साकरबाईंच्या नावाने आजही ओळखले जाते. त्या इस्पितळाला जोडून हे कॉलेज निघाले आणि प्राचार्य म्हणून आले स्टीलसाहेब.

तोवर आपल्याकडे घोड्याचे वैद्यक नव्हते असे मुळीच नाही. शालिहोत्राचे नाव घेतल्याशिवाय या विषयात पुढे जाता येत नाही. विराटाच्या घरी नकुलाने पत्करलेले काम घोड्यांचेच होते. घोड्याच्या वैद्याला आपल्याकडे ‘सलोतरी’ म्हणत, तो शब्द शालिहोत्रावरूनच आला. पेशव्यांच्या पागांमध्ये, भीमथडीच्या तट्टांमागे असे किती सलोतरी राबले असतील, त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. विद्या होती, पण ती हातातून हातात जाणारी, बापाकडून मुलाकडे. चूक निघाली तर ती कुठे नोंदली जात नव्हती आणि शोध लागला तर तोही त्याच घरात राही. वर्ग, फळा, विच्छेदनाचे टेबल, परीक्षा आणि छापील अहवाल ही गोष्ट नवी होती. स्टीलसाहेबांचे आयुष्य या नव्या गोष्टीत गेले.

लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजात ते शरीररचना शिकवत. विशीतच, १८७६ मध्ये, त्यांनी घोड्याच्या शरीररचनेवर पाठ्यपुस्तक लिहिले. हे पुस्तक विच्छेदन करणाऱ्या विद्यार्थ्याने शेजारी उघडे ठेवून वापरायचे. रक्ताचे डाग पडण्यासाठीच लिहिलेले म्हणा ना.

घोड्याची रचना शिकवणे म्हणजे काय, हे मी माझ्यापुरते समजून घ्यायचा प्रयत्न केला, आणि खरे सांगतो, इंजिनिअर माणसाला त्याचे वेड लागावे असे ते आहे. घोड्याच्या पुढच्या पायाला आपण गुडघा म्हणतो, ते त्याचे मनगट. मागच्या पायाचा मागे निघालेला कोपरा म्हणजे टाच. त्याच्या खाली प्रत्येक पायाला एकच बोट जमिनीला टेकते, आणि त्या बोटाचे नख म्हणजे खूर. म्हणजे चार-पाचशे किलोचे धूड चार नखांवर उभे असते आणि धावतेही. मनगटाखाली स्नायू जवळजवळ नाहीत, ओढायचे काम लांब कंडरांचे. वजनदार भाग वर, हलका भाग खाली, म्हणजे पाय हलवायला कमी शक्ती लागते. आम्ही बोगीत जे साधायला धडपडतो ते इथे आयते आहे. खुराच्या तळाशी मऊ त्रिकोणी गादी असते. पाय टेकला की तळ दबतो आणि तिथले रक्त वर ढकलले जाते. म्हणून चुकीचा नाल ठोकला की नुसता खूर बिघडत नाही, सबंध पायाचे गणित बिघडते. आणखी एक. घोड्याला उलटी करता येत नाही. जठर त्याच्या देहाच्या मानाने अगदी लहान, साधारण ८ ते १५ लिटर. जे आत गेले ते पुढेच जायला हवे, मागचा सिग्नल कायमचा लाल. म्हणून पोटशूळ हा घोड्याचा प्राणघातक आजार. ज्याला हे माहीत नाही तो प्रेमापोटी वाट्टेल ते खायला घालून घोडा मारील.

असा हा मास्तर १८८२ मध्ये लष्करी पशुवैद्यक म्हणून हिंदुस्थानात आला. आला आणि पहिले काम काय केले, तर फ्रेडरिक स्मिथ नावाच्या सहकाऱ्याबरोबर पशुवैद्यकाचे एक त्रैमासिक काढले. स्मिथ पुढे या शास्त्राचे मोठे लेखक आणि इतिहासकार झाले. पण त्या वेळी दोघेही तरुण, छावणीत राहणारे. आपण स्मरणिका काढतो, जाहिराती गोळा करतो, मुद्रिते तपासतो, तेव्हा मला त्यांची आठवण येते. त्यांना तर आपल्यापेक्षाही कमी वाचक मिळाले असतील. पण छावणीछावणीतल्या पशुवैद्यांनी पाहिलेली गोष्ट त्या त्रैमासिकामुळे कागदावर राहिली. सलोतऱ्यांच्या बाबतीत जे झाले नाही ते इथे झाले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तिची सुरुवात स्टीलसाहेबांच्याही आधी, १८८० मध्ये, वायव्येला डेरा इस्माईल खान इथे होते. तिकडे घोडे आणि उंट एका विचित्र आजाराने मरत होते. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. पाय सुजायचे. खाणे चालू असूनही जनावर झिजत जायचे आणि शेवटी मरायचे. लोक त्याला ‘सर्रा’ म्हणत, सडणे याच अर्थाचा शब्द. तपासाला गेले ग्रिफिथ इव्हान्स. हे गृहस्थ पशुवैद्यकही शिकलेले आणि कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातून माणसांचे वैद्यकही शिकलेले. त्यांनी रोगी घोड्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तांबड्या पेशींच्या गर्दीत काहीतरी वळवळत होते. तेच रक्त निरोगी जनावराला टोचले, त्यालाही रोग झाला. इव्हान्स यांनी लिहून दिले, की हाच जीव या रोगाचे कारण आहे.

वरिष्ठांनी ते मानले नाही. कारण ऐकण्यासारखे आहे. त्याच्या दोनच वर्षे आधी कलकत्त्यात लुईस नावाच्या नामवंत डॉक्टरांना उंदरांच्या रक्तात असेच वळवळणारे जीव दिसले होते आणि उंदीर ठणठणीत होते. मग घोड्यात दिसले म्हणून काय झाले, असा तो युक्तिवाद. आपल्या कार्यालयांतही हे चालते. आधीच्या फाइलवर एक शेरा पडला की पुढची फाइल त्याच शेऱ्याने बंद होते. उंदराचा जीव वेगळा आणि घोड्याचा वेगळा, हे पाहायला घोड्यापाशी जाणारा माणूस लागतो.

तो माणूस म्हणजे स्टीलसाहेब. १८८५ मध्ये ब्रह्मदेशात लष्कराची ओझ्याची खेचरे अशाच आजाराने मरू लागली, तेव्हा त्यांना तपासासाठी धाडले गेले. रक्तात तेच जीव त्यांनाही दिसले. त्यांनी अहवाल लिहिला आणि त्या जीवाला नाव दिले इव्हान्स यांचे. म्हणजे ज्याचे कुणी ऐकले नव्हते त्याचे नाव रोगजंतूला. जीव कोणत्या कुळातला हे ठरवण्यात मात्र स्टीलसाहेब चुकले. त्यांना तो पलटतापाच्या जंतूंच्या कुळातला वाटला. ते पुढच्या अभ्यासकांनी दुरुस्त केले, आणि आज त्याचे नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी असे आहे. कूळ बदलले, इव्हान्स राहिले. या कुळातला रोग घडवणारा हा जगात सापडलेला पहिला जीव. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा उलगडा त्यानंतर वीसेक वर्षांनी झाला. १९०१ मध्ये रॉजर्स यांनी दाखवले, की सर्रा घोडमाश्यांमार्फत पसरतो. माशी एका जनावराला चावते, मध्येच हाकलली जाते, आणि तोंडाला लागलेले रक्त घेऊन शेजारच्या जनावराला जाऊन चावते. एवढे साधे.

आमच्याकडे डिझेल शेडमध्ये इंजिनाचे तेल काढून प्रयोगशाळेत पाठवतात. तेलात तांबे, शिसे, लोखंड किती आले यावरून कोणते बेअरिंग झिजते आहे ते इंजिन न उघडता कळते. मला ही पद्धत फार आधुनिक वाटत असे. इव्हान्स आणि स्टील एका थेंबावरून हेच करत होते.

परळच्या कॉलेजातून उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याला जी. बी. व्ही. सी. ही अक्षरे नावापुढे लावता येत. पूर्ण रूप ग्रॅज्युएट ऑफ बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेज. नाव ग्रॅज्युएट, पण होता तो डिप्लोमाच, बरं का! विद्यापीठाची पदवी फार पुढे आली. मी स्वतः डिप्लोमावाला असल्यामुळे ही माहिती वाचून मला जरा बरे वाटले, हे लपवत नाही. त्या डिप्लोमाच्या जोरावर आपल्या तालुक्या-तालुक्यांतून माणसे गेली आणि बैलांना, म्हशींना लसी टोचत फिरली. स्टीलसाहेबांनीही घोड्यावर थांबणे सोडून दिले होते. बैल, मेंढी, कुत्रा, उंट, इतकेच काय हत्तीच्या रोगांवरही त्यांनी पुस्तके लिहिली. विद्यार्थ्यांपुढे जे जनावर येणार त्याचे शास्त्र मास्तरने आधी लिहून ठेवायचे, असा तो हिशेब. दहा वर्षांच्या आत एवढे. मला वाटते माणूस झोपत नसावा.

इथे मला थोडे आपल्या घरातले बोलायचे आहे. मागच्या वर्षी याच मांडवात गुणवंतांचा सत्कार झाला. इंजिनिअरिंगला गेलेल्यांची नावे आली, टाळ्या. एमबीबीएसचे नाव आले, जास्त टाळ्या. मग आपल्यातल्याच एका मुलीचे नाव आले, ती पशुवैद्यकीयला गेलेली. टाळ्या वाजल्या, पण मागच्या रांगेतून ‘ढोर डॉक्टर’ असा शब्दही आला आणि पाच-सात माणसे हसली. वाईट हेतूने हसली असे मी म्हणत नाही. कोचिंगच्या पाट्या वाचत वाढलेले आपले गाव. आपल्या मनात विद्यांची एक वेटिंग लिस्ट असते, आणि जनावरांची विद्या त्यात आरएसीलाही बसत नाही. ती मुलगी आज इथे बसलेली आहे. तिचे नाव घेणार नाही, तिला ते आवडणार नाही. पण त्या दिवशी ऐकलेल्या त्या हसण्यामुळेच मी हा विषय निवडला. आणि आता जे सांगणार आहे ते हसणाऱ्यांनी जरूर ऐकावे, कारण ते नागपूरचे आहे. विलायतेचे नाही.

२००४ साल. चंद्रपूर जिल्ह्यातला एक शेतकरी. त्याला महिनोन् महिने ताप येत होता. चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. नागपूरला त्याच्यावर उपचार सुरू झाले. तापाचा रोगी म्हटल्यावर रक्ताची काच पाहतातच. त्या काचेवर जे दिसले ते माणसाच्या रक्तात दिसायला नकोच होते. वळवळणारे ट्रिपॅनोसोम! असे जीव माणसात आढळतात ते आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत. हा शेतकरी तर कधी देशाबाहेर गेलेला नव्हता. डॉ. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांना बरोबर घेऊन तपास केला आणि निष्पन्न झाले, की हा घोड्याचा सर्रा. स्टीलसाहेबांनी इव्हान्सचे नाव दिलेला तोच जीव, सव्वाशे वर्षांनी, आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्याच्या रक्तात. माणसातला या रोगाचा पहिला सिद्ध झालेला रुग्ण. २००५ मध्ये तो अहवाल अमेरिकेतल्या नियतकालिकात छापून आला.

विचार करा, त्या काचेपुढे बसलेल्या डॉक्टरांना मदत कुठून मिळाली असेल. हा जीव कसा दिसतो, कोणत्या जनावरात राहतो, कशाने पसरतो, कोणत्या औषधाला दबतो, हे सगळे माणसांच्या वैद्यकाने लिहिलेले नव्हते. ते घोडा, उंट आणि म्हशीच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलेले होते. सुरामिन हे औषध १९१६ च्या सुमाराचे, जर्मनीत तयार झालेले. आफ्रिकेतल्या निद्रारोगावर वापरले जाई आणि सर्रा झालेल्या जनावरांवरही. ते आपल्याकडे दुकानात मिळणारे नव्हे, जागतिक आरोग्य संघटनेने पुरवले. शेतकरी बरा झाला.

मग प्रश्न उरला, की सर्रा गुरांत इतका असून माणसांना का होत नाही? त्याच भागातल्या अठराशेच्या वर लोकांचे रक्त तपासले. बऱ्याच जणांच्या रक्तात संपर्काच्या खुणा होत्या, म्हणजे माश्या चावत होत्या, जीव आत शिरत होता. पण एकाच्याही रक्तात जिवंत जंतू सापडला नाही. आपल्या रक्तात एपीओएल-१ नावाचे एक प्रथिन असते, ते या जंतूला मारून टाकते. २००६ मध्ये बेल्जियमच्या शास्त्रज्ञांच्या मदतीने कळले, की त्या शेतकऱ्याच्या शरीरात हे प्रथिनच तयार होत नव्हते. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या, दोन्ही जनुकांत दोष. त्याच्या दाराला कडीच नव्हती म्हणा. पुढे २०१५ मध्ये व्हिएतनाममध्ये एका बाईला हाच रोग झाला, तिच्यात मात्र हे प्रथिन व्यवस्थित होते. म्हणजे कडी असूनही कधी कधी दार उघडते. अभ्यास चालूच आहे.

घोड्याचे माणसावर आणखी एक मोठे ऋण आहे, ते आम्हां रेल्वेवाल्यांना विशेष माहीत. पावसाळ्यात आमचे ट्रॅकमन रात्री रुळावरून गस्त घालतात, हातात कंदील नाहीतर बॅटरी. छत्तीसगडात करैत, नाग, घोणस, सगळेच आहेत. साप चावल्यावर जे इंजेक्शन जीव वाचवते ते घोड्याच्या रक्तातून येते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत घोड्याला टोचतात, त्याच्या रक्तात विषाला तोडणारे द्रव्य तयार होते, मग रक्त काढून ते वेगळे करतात. मुंबईची हाफकिन संस्थाही परळलाच आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने मेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे औषध असूनही ते वेळेवर पोहोचत नाही. यावर स्वतंत्र भाषण व्हायला हवे, सर्पमित्राला बोलावून. समितीने विचार करावा.

घोडे मात्र कमी होत चालले आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे आणि तट्टे होती, २०१९ मध्ये ३ लाख ४० हजार उरली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. ही संख्या पाहून कुणी म्हणेल, मग या विद्येवर खर्च कशाला? हिसारला केंद्र सरकारची घोड्यांवरची संशोधन संस्था आहे, १९८० च्या दशकातली. २००६ मध्ये महाराष्ट्रात घोड्यांत ग्लँडर्स हा रोग पुन्हा उपटला. हा माणसालाही होतो आणि घोड्याला झाला तर घोडा मारावाच लागतो. तेव्हा धावाधाव करून याच विद्येकडे जावे लागले. रोग शिरगणती पाहून येत नाही. आणि भीमथडी घोड्याला देशी जात म्हणून अलीकडे जी राष्ट्रीय नोंद मिळाली, तीही कुणीतरी मोजमापे घेतली, रक्त तपासले, कागद केले म्हणून मिळाली. नुसत्या पोवाड्यांवर नोंद होत नाही.

स्टीलसाहेबांचे शेवटचे सांगून थांबतो. ते गेल्यावर इंग्लंडमधल्या पशुवैद्यकांच्या रॉयल कॉलेजने त्यांच्या नावे पदक ठेवले. ते पदक ग्रिफिथ इव्हान्स यांनाही मिळाले. ज्या माणसाचे नाव स्टीलनी जंतूला दिले होते त्याच्या छातीवर स्टीलच्या नावाचे पदक. इव्हान्स खूप जगले, १८३५ चा जन्म, १९३५ मध्ये शंभरी पूर्ण करून गेले. स्टीलना त्याच्या निम्मेही आयुष्य मिळाले नाही.

गणपती बाप्पा मोरया!

(भाषणानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांतले दोन इथे देत आहे.)

एका आजींनी विचारले, की सर्रा आपल्या भागात आहे का, घरी म्हैस आहे. सर्रा घोडा आणि उंटाइतका म्हशीत दिसून येत नाही, पण म्हशीच्या रक्तात तो गुपचूप राहू शकतो. पावसाळ्यात आणि नंतर घोडमाश्या वाढतात तेव्हा जपावे, गोठा कोरडा ठेवावा, जनावर विनाकारण झिजू लागले तर रक्त तपासून घ्यावे, असे मी सांगितले.

दुसरा प्रश्न विसर्जनाच्या मिरवणुकीची व्यवस्था पाहणाऱ्या आपल्या कार्यकर्त्याचा होता. दरवर्षी ज्याच्याकडून आपण घोडी आणतो त्या सुपेल्याच्या घोडीवाल्याची एक घोडी महिनाभर खाऊनपिऊन वाळत चालली आहे, मधूनमधून ताप येतो, मागचे पाय सुजलेत. हे तेच आहे का? मी म्हटले, हे मला विचारू नका, मी इंजिनाचा माणूस. उत्तर मागच्या बाजूने आले, त्या मुलीकडून. तिने सांगितले, की नुसत्या वर्णनावरून नाव ठेवता येणार नाही. ताप चढलेला असताना कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन काच करायची. या रोगात जंतू रक्तात लाटेसारखे येतात आणि जातात, म्हणून एक काच कोरी निघाली तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा करायची. तोवर तिच्यासाठी वापरलेली सुई दुसऱ्या घोडीला वापरायची नाही, बाकीच्या घोड्या तिच्यापासून लांब बांधायच्या आणि तिला मिरवणुकीत आणायचे नाही. रोग ठरला तर औषध आहे, पण ते डॉक्टरांनीच वजन पाहून द्यायचे.

मग तिने घोडीवाल्याचा मोबाइल नंबर कार्यक्रमपत्रिकेच्या मागे लिहून घेतला आणि घोडीला ताप साधारण किती वाजता चढतो, ते विचारून ठेवायला कार्यकर्त्याला सांगितले.